अर्धेलीची पिल्लं

"सुवर्णा कोण हाय हितं? करंडीवाली सुवर्णा!"

आजऱ्याहून आलेल्या एसटीच्या दारात उभा राहून कंडक्टर ओरडत होता. इचलकरंजी स्टँडवरची माणसं माझ्याकडे वळून बघायला लागली, कारण मी हात वर करून जवळजवळ पळतच सुटले होते.

"घ्या तुमची पोरं," त्यानं बांबूची करंडी माझ्या हातात दिली. "इंजिनाजवळ ठेवायची न्हाई, वर फळीवर ठेवायची न्हाई, पायाखाली ठेवायची न्हाई. म्हातारीनं शपथ घातली ओ! तिकिटं फाडायला उठलो की एका बाईच्या मांडीवर, बसलो की माझ्या मांडीवर. असं काय हाय ह्यात?"

"अंडी आहेत."

"अंडी?" त्याचा चेहरा पडला. "इचलकरंजीत मिळत न्हाईत व्हय?"

मी हसले आणि करंडी उराशी धरली. त्या करंडीला आईच्या हातांचा वास होता. भाताचं तूस, शेणाचा धूर आणि थोडी तपकीर. तीन वर्षांत तो वास मी घेतला नव्हता.

आदल्या दिवशी आईचा फोन आला होता. स्वतःचा फोन तिच्याकडे नव्हता. समोरच्या काशाक्काच्या फोनवरून ती चोरून बोलायची, दोन मिनिटं, तीही श्वास लागल्यासारखी. त्या दिवशी मात्र तिचा आवाज ठाम होता.

"अकरा अंडी लावून देतोय उद्याच्या गाडीला. आपल्याच कोंबड्यांची. फुकट न्हाईत बरं का, अर्धेलीनं हाईत."

"आई, अगं मी इथं भाड्याच्या खोलीत... माझ्याकडं अंड्यांवर बसवायला खुडूक कोंबडी तरी कुठली?"

"ते तुझं तू बघ. नवरा फ्रिज दुरुस्त करतो न्हवं? एवढं करंल की." मग म्हणाली, "ह्यांच्या कानावर घातलंय. सुवर्णीला अर्धेलीनं अंडी दिली म्हणून."

"मग? काय म्हणाले आप्पा?"

"काय म्हणायचं? म्हणाले, अर्धेल म्हंजे अर्धेल."

आणि तिनं फोन ठेवला.

आमच्या डोंगराकडच्या गावात शेळी, कोंबडी, कधी नुसती अंडीसुद्धा अर्धेलीनं देतात. जित्राब एकाचं, राखण दुसऱ्याची. पिल्लं निघून त्यांना पंख फुटले, की राखणाऱ्यानं ती मालकाच्या दारात न्यायची आणि निम्मी वाटून द्यायची. त्या दिवशी मालकाला त्याला दारातून परतवता येत नाही, मग दोघांत कितीही वैर असो. आणि ह्या बाबतीत गावात शेवटचा शब्द आप्पांचा असायचा. कुणाच्या वाटणीत तंटा झाला की माणसं आमच्या अंगणात येऊन बसायची. आप्पा सांगतील तसं.

ह्याच आप्पांनी, मी महांतेशशी लग्न केलं त्या दिवशी, सगळ्या भावकीसमोर सांगितलं होतं, की ही आता ह्या दारात यायची नाही. महांतेश आमच्यातला नव्हता, एवढंच कारण. आप्पा एकदा बोलले की संपलं. आईनं तीन वर्षं विचार केला असेल, आणि त्यांच्या शब्दाला शब्दानंच वाट काढली होती. पिल्लं निघाली तर मला माहेरी जाता येणार होतं. नाही निघाली, तर न्यायला काही नाही, आणि जायला कारण नाही.

घरी आल्यावर महांतेशनं करंडी उघडली. तुसात उभी रोवलेली अंडी, निमुळतं टोक खाली. एक फुटून तूस चिकट झालं होतं. बाकीची दहा शाबूत. लिंगायताच्या घरात वाढलेला हा माणूस. जन्मात अंड्याला हात लावलेला नव्हता. त्यानं एक उचललं, कानाला लावलं, आणि हळू आवाजात म्हणाला, "जड असतं गं!"

"मग काय वाटलं तुला, पिंगपाँगचा चेंडू?"

"नाही, पण... आत काहीतरी आहे असं वाटतंय."

"आहेच. म्हणून तर."

कामावरून आणलेल्या एका भंगार फ्रिजचं कपाट त्यानं खोलीच्या कोपऱ्यात आडवं टाकलं. आत पिवळा दिवा, कुठल्याशा जुन्या कॉम्प्युटरचा पंखा, उष्णता बघून दिवा चालू-बंद करणारं एक यंत्र, आणि ओलाव्यासाठी पाण्याची वाटी. "आयुष्यभर थंड करायला शिकलो," वायर जोडता जोडता तो म्हणाला, "आता उलटं करायला लावलं तुझ्या आईनं."

कुठून कुठून माहिती काढून त्यानं मला पहिल्या दिवशी अंडी आत ठेवूच दिली नाहीत. प्रवासात हादरे बसलेली अंडी आधी शांत राहू द्यायची म्हणे, आतली हवेची पोकळी हललेली असते, ती जागेवर बसू द्यायची. मी नुसती येरझाऱ्या घालत होते. "लवकर ठेव की रे, गार पडतील."

"तू गाडीनं आलीस की लगेच कामाला लागतेस का? पडू दे त्यांना जरा."

दुसऱ्या दिवशी घरमालकीण चौगुलेकाकू वर आल्या. काकू जैन, खोली देताना पहिली अट घातली होती, घरात अंडं शिजलेलं चालणार नाही. फ्रिज उघडा, आत दिवा, दिव्याखाली दहा अंडी. त्या दारातच थांबल्या.

"हे काय गं सुवर्णा?"

मी सगळं सांगितलं. माहेर, आप्पा, अर्धेल. सांगता सांगता रडू आलं. काकूंनी बराच वेळ फ्रिजकडे बघितलं. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "फ्रिजमध्ये अंडी सगळं गाव ठेवतं, पण पिल्लं काढायला ठेवणारे तुम्हीच! हं. शिजवायची नाहीत म्हणजे अट मोडत नाही. उलट जीवच घालताय की जन्माला." जाता जाता परत वळल्या. "लाईट गेली तर खालनं इन्व्हर्टरची वायर घ्या. माझ्या डोक्यावर नको हत्या."

मग आमचं सगळं घर त्या फ्रिजभोवती फिरायला लागलं. अंडी दिवसातून चार-पाच वेळा कलती करायची. मी शिवणकाम करायची तिथून उठून उठून जायची. महांतेश दुपारच्या जेवणाला आला की आधी तापमान बघायचा, मग हात धुवायचा. काकू जिन्यातनं विचारायच्या, "काय म्हणतंय बाळंतघर?"

आठवड्यानं आम्ही दिवसाच न्हाणीघराची खिडकी पोत्यानं झाकली आणि मोबाईलच्या उजेडावर एकेक अंडं धरलं. पहिल्याच अंड्यात लाल दोऱ्यांचं जाळं दिसलं, आणि मध्ये एक ठिपका, हलणारा. महांतेशनं श्वास रोखून धरला होता.

"ते... ते हलतंय."

"तेच पिल्लू."

"सुवर्णा, ते आपल्याकडं बघतंय का?"

"खुळा आहेस का? डोळेसुद्धा उघडले नाहीत त्याचे."

दहाही अंडी भरलेली निघाली. एसटीत एवढे धक्के खाऊन आलेली. त्या दिवशी मी कामं करता करता गुणगुणत होते असं महांतेश म्हणतो. मला आठवत नाही. मला आठवतं ते एवढंच, की आपण काय काय न्यायचं ह्याचा विचार मी सुरू केला होता. आईला एक जांभळी साडी, आप्पांना पानाचा डबा. त्यांचा जुना गंजला होता.

पहिलं कवच टोचलं गेलं तेव्हा मी एकटीच घरी होते. बारीक टकटक, मग चिवचिव, कवचाच्या आतूनच. मी जमिनीवर पालथी पडून बघत राहिले. महांतेशला फोन केला तर तो कुणाच्या तरी घरात फ्रिज उघडून बसला होता. "हात लावू नकोस," तो ओरडला, "त्यांचं त्यांना येऊ दे बाहेर!" मी हात लावला नाही. हात मागे बांधून बसले. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत नऊ पिल्लं बाहेर आली, ओली, लुळी, कोरडी होता होता फुगून गोळे झालेली. दहावं आतच गेलं. चौगुलेकाकूंनी कुंडीतली माती उकरून ते पुरलं, आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटल्या.

काशाक्काच्या फोनवर आई म्हणाली, "नऊ?"

"विषम निघाली म्हण की," ती म्हणाली. "बरं झालं. लई बरं झालं."

पिल्लांना पंख फुटायला बरेच दिवस लागले. फ्रिजच्या कपाटात आता भुसा पसरला होता आणि खोलीभर वास होता. मग एका सकाळी आम्ही दोघं ती पिल्लं आईच्याच करंडीत भरून निघालो. महांतेश गावाच्या फाट्यावरच उतरून चहाच्या टपरीवर बसला. "जा तू. मी आहे इथं. सगळं झालं की ये," म्हणाला. शर्ट इस्त्रीचा घातला होता त्यानं, फाट्यावर बसायलासुद्धा.

आप्पा अंगणात उकिडवे बसले होते. मी येणार हे ठाऊक होतं, तरी वर बघितलं नाही. तीन वर्षांत त्यांचे केस सगळे पिकले होते. आई दारात, चौकटीला धरून. मी पायरी चढले नाही. अंगणातच करंडी ठेवली. राखणाऱ्यानं ठेवायची तिथे.

आईनं पाणी आणि गूळ आणून दिला. आप्पांनी हरकत घेतली नाही. व्यवहाराला आलेल्याला गूळ-पाणी देतातच.

"बसवली किती?" आप्पांनी विचारलं. जमिनीकडे बघून.

"अकरा पाठवली होती. एक वाटेत फुटलं. दहा बसवली."

"निघाली?"

"नऊ. एक आत मेलं."

"खाल्लं न्हाई न्हवं?"

"आमच्या घरात खात नाहीत," मी म्हणाले.

त्यांच्या मिशीचं टोक हललं. हसू होतं की काय कोण जाणे. आईनं पदर तोंडाला लावला.

"लाव वाटं."

मी चार-चार पिल्लांचे दोन वाटे केले आणि दोन डालग्यांखाली झाकले. वाटे राखणारा करतो, उचलतो मालक. आप्पांनी दोन्ही डालग्यांखाली वाकून बघितलं, एक-एक पिल्लू हातात घेऊन पाय बघितले, पंख ताणून बघितले. त्यांचे हात पूर्वीसारखेच सावकाश होते. पिल्लं त्यांच्या हातात गप्प बसायची, आमच्या हातात कधी बसली नव्हती.

"चांगली वाढवल्यात," ते म्हणाले. कुणाला, ते कळलं नाही. मग डावीकडचं डालगं स्वतःकडे ओढलं. "हे माझं. ते राखणाऱ्याचं."

नववं पिल्लू करंडीत उरलं होतं. ठिपक्याठिपक्यांचं, सगळ्यांत शेवटी बाहेर आलेलं. ते बारीक ओरडत होतं.

"एक उरलं," आई दारातनं म्हणाली. घाईघाईनं. "ते सामाईक राहू दे की. न्हाई का हो?"

नवव्या पिल्लाला आप्पांनी उचललं आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे बघितलं.

"सामाईक ठेवता येतं," ते म्हणाले. "इच्यार कर, सुवर्णे."

सुवर्णे. तीन वर्षांनी. मला पुढचं काही ऐकूच आलं नाही. त्यांनी नाव घेतलं, म्हणजे राग गेला, म्हणजे झालं सगळं. माझा ऊर भरून आला आणि मला वाटलं, आता आपल्याकडचं सगळं त्यांना देऊन टाकावं. चार पिल्लं द्यावीत, चारशे द्यावीत. सामाईक कसलं आणि निम्मं कसलं, बाप-लेकीत?

"नको आप्पा," मी म्हणाले. "ते तुम्हालाच. राहू दे तुमच्याकडंच."

आई चौकटीतून एक पाऊल पुढे आली. "अगं..."

आप्पांनी हात वर करून तिला थांबवलं. माझ्याकडेच बघत राहिले.

"नक्की?"

"नक्की. आनंदानं देते."

पिल्लू छातीशी धरून ते उठले. मग वळले.

"फिटलं मग," ते म्हणाले, आणि पायरी चढून आत गेले.

आईनं माझा हात धरला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि मला ते आनंदाचंच वाटलं. साडी आणि पानाचा डबा तिच्या हातात देऊन मी माझी चार पिल्लं घेतली आणि फाट्याकडे जवळजवळ उड्या मारत आले.

महांतेश उठून उभा राहिला. "जेवायला घातलं?"

"गूळ-पाणी दिलं. आणि महांतेश, आप्पा नावानं बोलले! सुवर्णे म्हणाले मला!"

"खरंच?" त्याचा चेहरा एवढा उजळला, की टपरीवाल्यानंही बघितलं.

गाडी आली. खिडकीची जागा मिळाली. करंडी मांडीवर. गाडी वळण घेऊन घाटाला लागली तेव्हा त्यानं विचारलं, "मग आता परत कधी यायचं?"

"काय माहीत. आप्पा म्हणाले, फिटलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वाटणी झाली. अर्धेल संपली. नऊ होती, चार-चार केली आणि उरलेलं एक मी त्यांनाच दिलं. आई म्हणत होती सामाईक ठेव म्हणून. आप्पाही म्हणाले विचार कर, मग परत विचारलं, नक्की?"

"सामाईक म्हणजे काय करतात?"

"म्हणजे दोघांचं. राखायचं एकानं, मालकी दोघांची." मी बाहेर बघत सांगत होते, शाळेतल्या पोरीला शिकवल्यासारखी. "ते मोठं झालं, अंडी घालायला लागलं, की अंडी वाटायची. मग ती खुडूक बसली की पिल्लं वाटायची. त्यात परत एक उरलं, तर ते परत सामाईक. आमच्या गावात दोन घरांची एक कोंबडी आज्यापासनं चाललीय असं म्हणतात."

"आणि वाटायला कोण जातं?"

"ज्याच्याकडं नसतं त्यानं जायचं. दर वेळी..."

मी थांबले.

गाडीत कुणाचं तरी पोर रडत होतं. मांडीवरची पिल्लं गप्प झाली होती. महांतेश म्हणाला, "म्हणजे त्यांनी विचारलं होतं तुला."

"हो."

"दोनदा."

"हो."

"उतरू या? परत जाऊ. सांगू, कळलं नव्हतं."

मी नकारार्थी मान हलवली. आमच्यात दिलेलं परत मागत नाहीत. ते आप्पांना मला सांगायला लागलं नसतं, आणि मला त्यांना. गाडी पुढे गेली, घाट संपला, आणि सपाटी लागली.

त्यानंतर मी माहेरी गेले नाही. आमची चार पिल्लं वाढली, काकूंच्या परसात खूप दिवस होती. काशाक्काच्या फोनवर आई कधीतरी दोन मिनिटं बोलायची. नवव्याबद्दल मी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

गेल्या वर्षी माझ्या बाळंतपणाला आई आली. आप्पांनी म्हणे तिला अडवलं नाही. "तुला कोण न्हाई म्हणालंय," एवढंच म्हणाले. शब्द लेकीनं घरात येण्याबद्दल होता, आईनं घराबाहेर जाण्याबद्दल नव्हता.

एका सकाळी ती पाय पसरून बसली होती, माझी लेक तिच्या पायांवर पालथी, आणि मी तांब्यानं पाणी ओतत होते. आईचा हात बाळाच्या पाठीवरून फिरत होता, वर-खाली, सावकाश. न विचारताच ती बोलायला लागली.

"तू गेल्यावर ते आत येऊन बसले. पिल्लू हातातच. दिवस मावळस्तोवर सोडलं न्हाई. मला म्हणाले, तिला कळलं न्हाई व्हय गं?"

मी पाणी ओतायची थांबले.

"मी म्हटलं, तुम्ही सांगायचं की मग उघड. तर म्हणाले, आपण सांगून ठेवलेलं ते सामाईक कसलं? तिनं म्हणायला पायजे हुतं." आईनं बाळाची मान हळूच दुसऱ्या बाजूला वळवली. "कोंबडी निघाली ती. लई अंडी दिली. एक बी खाल्लं न्हाई त्यांनी. सगळी बसवली, सगळी वाटली, ह्याला त्याला. आमच्या घरात आता एक बी न्हाई तिच्या वाणाची."

"मग आता?" मी विचारलं.

"आता काय?"

बाळानं पाय झाडले. आईनं तिच्या टाळूवर ओला हात ठेवला, मग बाजूच्या घंगाळात बोट बुडवून बघितलं.

"वत," ती म्हणाली. "निवाय लागलंय पाणी."